सासू आपली, सिद्धांत त्यांचा

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या प्रोजेक्टच्या खोलीत एक छोटा फ्रीज होता आणि त्याच्या दारात टोमॅटो सॉसच्या पुड्या साठत जायच्या. मुद्दाम कुणी आणल्या नव्हत्या, पण टाकून द्यायला कुणाचा हातही धजत नव्हता. किस्स्यांचंही तसंच झालं. आता टोरोंटोत चार मराठी माणसं जमली आणि एखाद्या आयटीवाल्याने "तू इकडे नक्की शिकलीस काय गं?" असं विचारलं, की मी उत्तराऐवजी एक पुडी फोडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षं मी टोरोंटोच्या एका विद्यापीठात समाजशास्त्रात एमए करत होते आणि जोडीला एका प्रोजेक्टवर पार्टटाइम काम. प्रोजेक्टचा विषय नागपूरला आईला समजावताना मला तीन फोन लागले. चीनमधल्या समाजशास्त्रज्ञांना विचारायचं, की बाबांनो, तुमचं हे शास्त्र सगळं बाहेरून आलेलं. पुस्तकं जर्मनांची, फ्रेंचांची, अमेरिकनांची. ती वाचून तुम्ही तुमची खेडी, तुमची लग्नं, तुमचे साहेब नि शिपाई समजून घेता. हे जमतं का? की आपल्या मातीतलं, आपल्या शब्दांतलं वेगळं समाजशास्त्र उभं करायला हवं?

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सासू आपली आणि सिद्धांत त्यांचा, असंच ना?"

हे मी आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुख बार्बराला इंग्रजीत सांगितलं. तिने ते फळ्यावर लिहून ठेवलं आणि दोन वर्षं पुसू दिलं नाही.

खोलीत आम्ही तिघी. बार्बरा, मी आणि लिन. लिन चीनच्या एका लहानशा शहरातून आलेली, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात. तिच्या गावच्या कॉलेजात तिच्यासाठी नोकरी तयार होती, पण जूनच्या आत डिग्री हातात हवी होती. तिकडे आई एकटी होती, त्यामुळे लिनला ती नोकरी हवी म्हणजे हवीच होती. आणि अशा वेळी शहाण्या मुलीने घ्यावा तसा सोपा विषय तिने मुळीच घेतला नव्हता. टोरोंटोला लागून असलेल्या मार्कहॅममधल्या चिनी घरांत पाहुण्याला काही दिलं, की तो नको म्हणतो. पुन्हा दिलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा घेतो. या प्रकाराला तिच्या बोलीत एक शब्द आहे, जो मला दोन वर्षांत एकदाही नीट उच्चारता आला नाही. लिनचं म्हणणं, की या एका शब्दावर माणसांच्या नात्यांचा अख्खा सिद्धांत उभा राहतो, त्याला जर्मन टेकू लागत नाही. त्या शब्दाचं इंग्रजी करायला तिने साफ नकार दिला होता.

मला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, हा तर आग्रह! तिने तो शब्द वहीत लिहून घेतला आणि समोर लिहिलं, 'नागपूर, तपासणे.'

* * *

पहिला किस्सा फॉर्मचा.

बार्बराने प्रश्नावली बनवली होती. 'चीनचं समाजशास्त्र चिनी असायला हवं', आणि पुढे पाच चौकटी. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. चीनमधल्या आणि कॅनडातल्या चिनी प्राध्यापकांना ती पाठवली. उत्तरं आली ती जवळजवळ सगळी मधल्या चौकटीत. बार्बरा हिरमुसली. आयुष्यभर ज्या प्रश्नावर ही माणसं भांडत आली, त्यावर यांना काहीच सांगता येत नाही?

लिनने शांतपणे सांगितलं, की अनोळखी माणसाच्या कागदावर ठाम असं काहीही लिहिणं आमच्याकडे उर्मटपणाचं समजतात.

वेगळे निघाले ते दोनच फॉर्म. एक प्रोफेसर हू यांचा. ते चीनहून दोन वर्षांसाठी पाहुणे म्हणून आमच्याच डिपार्टमेंटला आले होते. त्यांनी पेनाने स्वतःची सहावी चौकट काढून तिच्यात खूण केली होती. बार्बराने विचारलं, हे काय? ते म्हणाले, "चौकटी तुमच्या. मी माझं मत ठेवू कुठे?"

दुसरा कॅनडातल्याच, मोटारींच्या कारखान्यांच्या विंडसरहून आला, प्रोफेसर शाओ यांच्याकडून. ते तीस वर्षं तिथल्या विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी कुठेच खूण केली नव्हती. लाल पेनाने प्रश्नावलीतल्या चार चुका दाखवल्या होत्या आणि खाली ग्रेड दिली होती, बी मायनस.

* * *

आता या दोघांबद्दल सांगायलाच हवं, कारण दोन वर्षं आमचं मनोरंजन याच दोघांनी केलं.

हू सर म्हणजे आपल्या मातीचे कट्टर पुरस्कर्ते. परक्या चष्म्यातून आपली माणसं दिसत नाहीत, हे ते इतक्या तळमळीने सांगायचे की ऐकणाऱ्याने स्वतःचा चष्मा काढावा. आणि राहायचे कसे? टोरोंटोच्या हॉकी टीमची जर्सी अंगात, हातात डबल क्रीम-डबल साखरेची कॉफी, दुपारी अननस घातलेला पिझ्झा. चिनी जेवण ते घरी गेल्यावर खाणार होते.

शाओ सर बरोबर उलटे. त्यांच्या मते शास्त्राला गाव नसतं. विंडसरला बनलेली गाडी चीनमध्ये चालवली तरी इंजिन त्याच नियमाने फिरतं, मग समाजशास्त्राला वेगळं पेट्रोल कशाला? हे ते बोलायचे तेव्हा त्यांच्या हातात थर्मास असायचा. भर जुलैमध्ये गरम पाणी, त्यात घरून आणलेली चहाची पानं. रेस्टॉरंटमध्ये बर्फ घातलेलं पाणी समोर आलं, की ग्लास दोन बोटांनी असा दूर सारायचे, जसं त्यात कुणी काही कालवलंय.

एकदा ते इंटरव्ह्यूसाठी आमच्या खोलीत आले होते. शास्त्रात व्यक्तीला, गुरूला, परंपरेला स्थान नाही, पुरावा तेवढा खरा, असं माझ्या रेकॉर्डरमध्ये सांगत असताना त्यांच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल आला. चीनहून, त्यांच्या नव्वदीतल्या गुरुजींचा. शाओ सर ताडकन उभे राहिले. कोटाची बटणं लावली. आणि अख्खा कॉल उभ्याने घेतला. लॅपटॉप टेबलावर होता, त्यामुळे पलीकडे गुरुजींना वीस मिनिटं फक्त कोटाची बटणं दिसली असणार.

कॉल संपल्यावर मी काही म्हणायच्या आत ते खाली बसत म्हणाले, उभं राहणं पाठीला चांगलं असतं.

* * *

मग बार्बराने एक दिवसाची कार्यशाळा ठेवली. दहाबारा चिनी प्राध्यापक येणार होते. बार्बराला उच्चनीच मुळीच खपत नसे. तिला कुणी प्रोफेसर म्हटलेलं चालत नसे, मी चुकून एकदा मॅडम म्हटलं तर दोन दिवस समजावत होती. तिने आदल्या संध्याकाळीच टेबलं हलवून खुर्च्यांचं गोल रिंगण केलं. ना पुढे, ना मागे. सगळे सारखे.

मी लवकर पोचले आणि चार्जरसाठी प्लग जवळ होता म्हणून भिंतीकडच्या एका खुर्चीत बसले.

पाहुणे आले आणि दारातच उभे राहिले. कुणी आत येईना. माझ्याकडे बघायचे, हसायचे, एकमेकांना "तुम्ही आधी" करायचे. मला वाटलं, जॅकेट कुठे ठेवायची ते कळत नसेल. मी बसल्या बसल्या हँगर दाखवलं. तेव्हा लिन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, की रिंगण असलं तरी दाराच्या बरोबर समोरची खुर्ची ही सगळ्यात मोठ्या माणसाची असते. तिथे मी बसले होते, पाय वर घेऊन.

मी अशी काही उठले की चार्जर प्लगसकट हातात आला. आणि त्याने गोष्ट आणखीच बिघडली. मी बसले होते तोवर निदान खुर्ची भरलेली होती. आता ती रिकामी झाली. हू सर शाओ सरांना म्हणाले, बसा. शाओ सर म्हणाले, छे, तुम्ही चीनहून आलात. हू सर म्हणाले, तुम्ही वयाने मोठे. मग दोघांनी मिळून तिसऱ्याच एकाला दंडाला धरून तिकडे न्यायला सुरुवात केली, तो गृहस्थ घाबरून वॉशरूमला निघून गेला. आमच्याकडे लग्नात व्याह्यांच्या मानपानात मोठी झालेली मी, पण हे मलाही नवीन होतं.

वीस मिनिटांनी बार्बरा धावतपळत आली, बाहेर बर्फ पडत होता. रिकामी खुर्ची दिसली, तिने आपला लांबलचक विंटर कोट काढून त्यावर टाकला आणि भलत्याच जागी जाऊन बसली. बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पटापट बसून घेतलं. सगळ्यात मानाच्या जागी दिवसभर तो कोट होता.

बार्बराने रिपोर्टमध्ये लिहिलं, 'रिंगणाचा प्रयोग यशस्वी. सर्वांनी बसताना एकमेकांची फार काळजी घेतली.'

* * *

इंटरव्ह्यूत कुणाचं खरं नाव छापायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम होता. प्रत्येकाने आपल्याला हवं ते टोपणनाव सुचवायचं. हे विचारायचं काम माझं.

हू सरांना विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "शाओ लिहा."

मी म्हटलं, सर, ते तर खरोखरचे आहेत. ते म्हणाले, "म्हणून तर. त्यांच्या नावावर एकदा तरी बरोबर मतं छापून येतील."

मला वाटलं गंमत करतायत. पण आठवड्याने विंडसरला फोन लावला. शाओ सरांनी बराच विचार केला. थर्मासचं झाकण उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, माझ्यासाठी हू हे नाव योग्य वाटतं. मी त्यांना हू सरांचं काहीही सांगितलं नव्हतं, शपथेवर सांगते.

बार्बरा डोकं धरून बसली. शेवटी तिने दोघांची नावं काढून टाकली आणि लिहिलं, 'प्रोफेसर ए' आणि 'प्रोफेसर बी'. मसुदा दोघांना पाठवला. त्याच दुपारी दोघांचेही फोन आले. मतांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. दोघांनाही एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ए कोण?

* * *

लिनच्या प्रबंधासाठी मी एकदा तिच्याबरोबर मार्कहॅमला गेले, तिच्या मावशीकडे. मी पाहुणी, लिन कोपऱ्यात वही घेऊन. मला सूचना एकच, घरी वागतेस तशी वाग.

मी या बाबतीत स्वतःला तज्ज्ञ समजत होते. खरं तर कॅनडात माझं पहिलं पाऊल याच विषयात घसरलं होतं. पहिल्या दिवशी बार्बराने कॉफी विचारली, मी रीतीप्रमाणे नको म्हटलं, आणि तिने खरंच दिली नाही. दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही. नकोवाली म्हणून माझी नोंद झाली. महिनाभर मी तिच्यासमोर बसून तिच्या कॉफीचा वास घेत होते.

मावशीने मोदकासारख्या वाफवलेल्या डंपलिंगची बशी पुढे केली. मी म्हटलं, नको, आत्ताच खाऊन आलेय. मावशी खूश. पुन्हा बशी पुढे. मी पुन्हा नको. आता तिसऱ्यांदा घ्यायचं म्हणून मी हात जरा सैल सोडला, तेवढ्यात मावशीची कॅनडात जन्मलेली मुलगी आतून आली. दोन्ही नको तिने ऐकले होते. "मॉम, शी सेड नो. ट्वाइस!" असं म्हणून तिने आईच्या हातातली बशी घेतली आणि आत नेऊन फ्रीजमध्ये ठेवली.

मावशी माझ्याकडे बघत राहिली, मी मावशीकडे. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या क्षणी एकमेकींचं सगळं कळलं. लिनने वहीत लिहिलं, 'दोन नकार, पाहुणी उपाशी.'

घरी येऊन बॅग उघडली तर तळाशी फॉइलमध्ये गुंडाळलेले बारा डंपलिंग. कधी टाकले, देवच जाणे. लिनला फोन केला, तर ती म्हणाली की हे तिसऱ्यांदा विचारणंच, फक्त बॅगेला विचारलं.

* * *

आणि मग मार्चमध्ये बातमी आली, की लिनच्या प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक प्रोफेसर शाओ!

या विषयातले जाणकार कॅनडात मोजकेच, त्यामुळे त्यात आश्चर्य काही नव्हतं. पण लिनचा चेहरा पांढरा पडला. ज्या माणसाला चिनी समाजशास्त्र ही कल्पनाच मान्य नाही, त्याच्यापुढे एका चिनी शब्दावर उभारलेला प्रबंध. मोठ्या दुरुस्त्या सांगितल्या असत्या, तरी सहा महिने गेले असते आणि जून हातचा गेला असता. लिनने जेवण सोडलं होतं. मलाही झोप लागत नव्हती, मी तिच्यासाठी घाबरले होते.

हू सर मदतीला धावले. म्हणाले, आपण तालीम करू, मी शाओ होतो. हॉकीची जर्सी काढून ठेवली, कोट घातला, माझी पाण्याची बाटली थर्मास म्हणून हातात घेतली आणि सुरू झाले. शास्त्राला गाव नसतं. आग्रह जगात सगळीकडे असतो, यात चिनी ते काय? पुरावा कुठाय? एकामागून एक. लिन अडखळायला लागली. हू सरांना चेव चढला. तासाभरात त्यांनी प्रबंधाचं एकही प्रकरण धड ठेवलं नाही.

मग ते एकदम थांबले. बाटली खाली ठेवली. आमच्याकडे बघत हळूच म्हणाले, "याला उत्तर काय द्यायचं?"

* * *

आता शेवटचा.

एप्रिलचा दुसरा आठवडा, बाहेर तरीही बर्फ. लिनची तोंडी परीक्षा. नियमाप्रमाणे अध्यक्ष दुसऱ्या विभागाचा असतो, तसे जिओलॉजीचे एक उंच, सज्जन गृहस्थ आले होते. त्यांना समाजशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांच्या हातात नियमांचा कागद होता आणि प्रत्येक वाक्य ते त्यावरून वाचत होते. बार्बरा, आणखी दोन प्राध्यापक, आणि टोकाला शाओ सर, थर्मास आणि लाल पेन घेऊन. मागे बघ्यांत हू सर आणि मी.

लिन छान बोलली. मग शाओ सरांची पाळी. ते रागावले नाहीत, हेच जास्त भीतीदायक होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुम्ही लिहिलंत ते आजीच्या पिढीचं आहे. मावश्यांचं आहे. पण तुमच्यासारखी शिकलेली, सहा वर्षं कॅनडात राहिलेली माणसं हे करतात का? करत नसतील, तर हा सिद्धांत नाही, ही जुनी आठवण आहे.

लिन म्हणाली, "करतो, सर. आम्हाला कळतही नाही, इतकं आत असतं ते."

"पुरावा?"

लिन प्रबंधाची पानं नुसतीच उलटत राहिली. हू सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. शाओ सरांनी समोरच्या कागदावर लाल पेनाने काहीतरी लिहिलं.

आम्हाला सगळ्यांना बाहेर घालवलं. लिन कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. मी कॉफी आणू का विचारलं, तर नको म्हणाली, आणि मीही इतकी घाबरलेली की पुन्हा विचारायचं विसरले. चाळीस मिनिटांनी दार उघडलं.

आत सगळे उभे. शाओ सरांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. अध्यक्षांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं, की समितीने हा प्रबंध आहे तसा, एकही दुरुस्ती न सांगता, मंजूर केला आहे. मग कागद खाली घेऊन, हसून, त्यांनी हात पुढे केला. "काँग्रॅच्युलेशन्स, डॉक्टर."

लिनने दोन्ही हात पाठीमागे नेले. मान हलवत म्हणाली, "नाही, नाही. कसलं काय. फार कच्चं काम आहे. एवढ्याच्या योग्यतेचं नाही ते."

अध्यक्षांचा हात हवेत राहिला. त्यांनी तो हळूहळू मागे घेतला. कागद उलटा केला, सुलटा केला. उमेदवारानेच निकाल नाकारला तर काय करायचं, ते त्यात कुठेच नव्हतं. ते काळजीने बार्बराला विचारू लागले, की मग दुरुस्त्या नोंदवायच्या का? त्यांनी पेनही काढलं. लिन लालबुंद झाली होती, पण आता हो म्हणणं तिला काही केल्या जमत नव्हतं.

तेवढ्यात टोकाकडून शाओ सर म्हणाले, "पेन ठेवा. पुन्हा विचारा."

"सॉरी?"

"तुम्ही एकदाच विचारलंत. अजून दोनदा विचारा."

जिओलॉजीचे ते सज्जन गृहस्थ. त्यांनी घसा साफ केला, कागदावरचं पूर्ण वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि हात पुढे केला. लिन म्हणाली, "खरंच नको. तुमचा सगळ्यांचा किती वेळ घेतला मी."

अध्यक्षांनी हात मागे घेऊन शाओ सरांकडे पाहिलं. शाओ सर थर्मासमधून गरम पाणी ओतत होते. त्यांनी वर न बघता एक बोट दाखवलं.

अध्यक्षांनी तिसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा हात पुढे केला.

लिन म्हणाली, "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात, तर..."